डोन एलादिओंच्या घरातला शब्द

आमच्या घरात माझं कोणी ऐकत नाही, आणि आज तर अजिबातच नाही. म्हणून तुम्हाला सांगते. पण एक आधीच बजावते, मला भुताखेतांच्या गोष्टी रंगवणाऱ्या बायकांचा मनस्वी राग आहे. लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये होतो तेव्हा हिवाळ्यात ऊन खात बसलेल्या बायका असलं काहीबाही सुरू करायच्या आणि मी मटारचं ताट उचलून घरात निघून जायची. तेव्हा मला त्यांच्यात जमा करू नका. जसं घडलं तसं सांगते.

मी विजया. वय अठ्ठावन्न. आमचे हे, म्हणजे नरसिंहराव, केंद्र सरकारच्या नोकरीतून रिटायर झाले आणि आम्ही मयूर विहारला सोसायटीच्या फ्लॅटमध्ये आलो, तिसरा मजला. एकच मुलगी, कृतिका, चोवीस वर्षांची, तिखट जिभेची. ती जीभ माझीच, असं आमच्या ह्यांचं म्हणणं आहे. मी बावीस वर्षं दिल्लीत स्पॅनिश शिकवलं. का शिकले विचाराल तर क्वार्टरमध्ये वेळ जाईना म्हणून. सगळे हसायचे, हिला भाजीवाल्याशी धड हिंदी बोलता येत नाही आणि चालली स्पॅनिश शिकायला. मग दोन हजार चार साल उजाडलं, नोएडात काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि हसणारे आपल्या मुलांना माझ्याकडे पाठवायला लागले. यार, नशीब म्हणतात ते हे.

मला नोकरी लागली ती अशाच एका इमारतीत. शेजारी अजून सरसोचं शेत, समोर क्रेन, आत एसी असा की जुलैतही शाल लागायची. तिथून आमची पोरं परदेशात बोलता येणारी टेलिफोन कार्डं सांभाळायची. गिऱ्हाईक सगळं तिकडचं, मेक्सिको, ग्वातेमाला, कोस्टा रिका. माझं काम दोन प्रकारचं. नव्या मुलांना भाषेचं वळण लावायचं आणि आदल्या दिवशीचे रेकॉर्ड झालेले फोन दुसऱ्या दिवशी सकाळी ऐकून मार्क द्यायचे. ह्याला क्वालिटी म्हणतात. मी दहाला जायची आणि सहाला निघायची. मुलांची पाळी पाचला सुरू व्हायची, कारण आपली संध्याकाळ ती तिकडची पहाट.

आता मुद्द्याचं. स्पॅनिश एक नाही. आणि सगळ्यात जास्त घोळ कुठे, तर समोरच्याला काय म्हणायचं ह्यात. स्पेनमध्ये जवळच्या माणसाला चक्क ‘तू’ म्हणतात. हे सांगितलं की वर्गात मराठी पोरं खिदळायचीच. अर्जेंटिनात ते ‘तू’ कोणी वापरत नाही, तिथे ‘वोस’. कोलंबियात काही गावी नवरा-बायको एकमेकांना ‘उस्तेद’ म्हणतात, म्हणजे आपलं तुम्ही. आणि कोस्टा रिकाच्या डोंगरात तर पोटच्या पोराला उस्तेद, कुत्र्याला उस्तेद. एकीकडे जो शब्द लाडाचा, तोच दुसरीकडे गेलं की कानाला खुपतो.

मला हे पुस्तकातून समजावून घ्यावं लागलं नाही. नवी नवरी होऊन लक्ष्मीबाई नगरात आले, आणि पंधरा दिवसांत आमच्या ह्यांच्या साहेबांच्या बायकोला प्रेमाने विचारलं, “तू हल्दी-कुंकू को आएगी ना?” आपल्याकडे मोठ्या बाईला तू म्हणण्यात किती माया असते, आई, आजी, मावशी, सगळ्या तूच. त्या लखनौच्या. तीन वर्षांच्या नातवाला आप म्हणणाऱ्या. त्यांचा चेहरा असा पडला की मला अजून आठवतो. दिल्लीतल्या प्रत्येक मराठी बाईने ही चूक एकदा तरी केलेली आहे, विचारून बघा. त्या दिवशी आमचे हे म्हणाले, “विजू, सोपं कर. समोरचा तुला जो शब्द देईल, तोच परत दे.”

मी तोच नियम ट्रेनिंगच्या कागदात पहिल्या पानावर घातला. गिऱ्हाईक ज्या शब्दाने बोलवेल, त्याच शब्दाने उत्तर द्या. मार्कांच्या तक्त्यातही तसा रकाना केला, पाच मार्कांचा. कंपनी खूष झाली. मीही स्वतःवर खूष होते, खोटं कशाला बोलू.

जुलैत हरीश गेला. फरीदाबादचा मुलगा, माझ्या पहिल्या बॅचचा, बोलायला गोड. रविवारी दुपारी जेवून झोपला तो उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले हार्ट. पंचविशीतलं हार्ट. सप्टेंबरात त्याच्या खुर्चीवर आलेली निधी गेली, स्कूटरवरून येताना पाण्याच्या टँकरखाली. मी दोघांच्या घरी जाऊन आले. निधीच्या आईने माझा हात धरला आणि सोडेना, आणि मी मनात बसची वेळ बघत होते ह्याची मला आजही लाज वाटते.

तिची खुर्ची रिकामी झाली तेव्हा तिथे कृतिकाला बसवलं. कृतिकाने स्पॅनिश माझ्याकडूनच घेतलं होतं, जेवणाच्या टेबलावर, भांडत भांडत. नोकरीचा हट्ट तिचा. मी म्हटलं, एका ऑफिसात आई आणि मुलगी, लोक बोलतील. ती म्हणाली, तू मला एक मार्क कमी दे, म्हणजे नाही बोलणार. अच्छा, म्हटलं, तसं करू.

तिला रोज पहिला फोन यायचा तो डोन एलादिओंचा. डोन म्हणजे स्पॅनिशमध्ये वडीलधाऱ्याच्या नावाआधी लावतात ते, सिनेमातला डॉन नव्हे. कोस्टा रिकाच्या डोंगरातले म्हातारे, तिकडे सकाळचे सहा आणि आपल्याकडे साडेपाच वाजले की ह्यांचा फोन आलाच. विचारायचं एकच. माझ्या कार्डावर किती मिनिटं उरली? मुलं स्क्रीनवर बघून सांगायची, अकरा. कार्ड त्यांनी कधी वापरलंच नव्हतं बहुतेक, कारण रोज अकराच असायची. मग थोडं बोलायचे, दव किती पडलं, कोंबडीने अंडी कुठे घातली. आवाज मऊ, आणि सगळ्यांना उस्तेद. फोनमध्ये मागे कुत्रा भुंकला की त्यालाही म्हणायचे, तुम्ही गप्प बसा बघू. ऑफिसातल्या सगळ्या पोरांना हा म्हातारा आवडायचा. कृतिका तर घरी येऊन त्यांच्या नकला करायची.

मंगळवारी सकाळी मी तिचा सोमवारचा फोन ऐकला. मिनिटं विचारून झाली, दव झालं, आणि मग एकदम आवाज खाली आणून डोन एलादिओ म्हणाले, “आणि वोस? वोस कशी आहेस, पोरी?” कृतिका म्हणाली, मी ठीक, तुम्ही कसे आहात, उस्तेद. त्यांनी पुन्हा वोस म्हटलं. तिने पुन्हा उस्तेदच दिलं. फोन संपला.

मी रकान्यात शून्य लिहिलं. पाचपैकी शून्य, स्वतःच्या मुलीला, लाल पेनाने, आणि खाली शेरा, नियम पाळला नाही. लोकांना दिसावं म्हणून जरा दाबूनच लिहिलं.

ती उसळली. बुधवारी सकाळी पोहे तसेच टाकून उभी राहिली. म्हणाली, कालही त्यांनी वोस म्हटलं, पण मला तो शब्द तोंडातून काढवेना, कसंतरीच वाटलं, थंड वाटलं. मी म्हटलं, कंपनी तुझ्या वाटण्यावर चालत नाही. तेव्हा ती म्हणाली, ठीक आहे, यापुढे तुझ्या कागदात लिहिलंय तसंच करते, बघच तू. खोलीचं दार आपटून आत गेली. नशीब एवढंच की त्या बुधवारी म्हाताऱ्याचा फोन आलाच नाही. तिकडे पाऊस होता म्हणे, लाइन बंद होती.

गुरुवारी आमच्या मॅनेजरने, अंशुमनने, मला सांगितलं की ह्या गिऱ्हाइकाचे सगळे फोन काढून ऐका, रोज पंधरा-पंधरा मिनिटं फुकट जातात, तिकडची कार्डवाली कंपनी कटकट करतेय. मी सगळ्या रेकॉर्डिंगची यादी काढली आणि कानाला लावून बसले. एप्रिल, मे, जून, सगळं उस्तेद, उस्तेद. कंटाळा येत होता. मग जुलैतला एक शुक्रवार आला. आवाज तसाच खाली आला आणि डोन एलादिओ हरीशला म्हणाले, आणि वोस? हरीश माझा गुणी विद्यार्थी. त्याने लगेच वोस परत दिला. म्हाताऱ्याने सुस्कारा सोडला, बरं झालं म्हणाले, आणि फोन ठेवला. असा मध्येच स्वतःहून ठेवलेला त्यांचा फोन मी आधी कधी ऐकला नव्हता. हरीश रविवारी गेला.

मी सप्टेंबर काढला. निधी. तीन दिवस तिने उस्तेद दिलं. चौथ्या दिवशी वोस दिला. पुन्हा तोच सुस्कारा, पुन्हा बरं झालं. पाचव्या दिवशी टँकर. आणि निधीचा तक्ता माझ्याच फायलीत होता. तिसऱ्या दिवशीचं शून्य माझ्याच हातचं, तोच लाल पेन.

मला घाम फुटला, त्या एसीत. मी घड्याळ बघितलं तर पाच वाजून सव्वीस मिनिटं झाली होती. कृतिका आपल्या खुर्चीवर बसली असणार. आज पाऊस नव्हता तिकडे, मी कॉम्प्युटरवर बघितलं, काय बघायचं सुचलं तेही नवल. आणि मी उठून पळाले. मी अठ्ठावन्न वर्षांची बाई, साडी सावरत त्या मोठ्या हॉलमधून पळतेय आणि पोरं खुर्च्या फिरवून बघतायत.

ती हेडफोन लावून बसली होती. फोन आलेला होता. मला बघून तिने मुद्दाम तोंड फिरवलं. मी म्हटलं, दे इकडे. तिने मान हलवली, नाही. तिच्या ओठांवर मला स्पष्ट दिसलं की अकरा मिनिटं सांगून झालीयत. आता क्वालिटीच्या माणसाला एक हक्क असतो. प्रत्येक टेबलाला दुसरं हेडफोन लावायची जागा असते, शेजारी बसून ऐकायला, आणि वेळ पडली तर मुलाचा आवाज बंद करून स्वतः बोलायला. मी ते बटण दाबलं. कृतिकाचं तोंड हलत राहिलं आणि तिकडे काही जाईना, तेव्हा ती माझ्याकडे अशी बघायला लागली की कधी विसरणार नाही.

डोन एलादिओ वाट बघत होते. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता, आणि मागे कुत्र्याच्या पायांचा आवाज. मी त्यांच्याशी माझ्या परीने चांगलं स्पॅनिश बोलले. म्हटलं, तुम्ही कुत्र्याला उस्तेद म्हणता आणि माझ्या मुलीला वोस, हे काय आहे?

ते रागावले नाहीत. उलट बरं वाटल्यासारखे बोलले. म्हणाले, “सेन्योरा, माझ्या आईच्या घरात चालत्याबोलत्या सगळ्यांना उस्तेद. जे गेले, त्यांना वोस. मी म्हातारा माणूस. मला जसं दिसतं तसं मी म्हणतो.”

मी म्हटलं, ती जिवंत आहे, माझ्या शेजारी बसलीय, मला तिचा श्वास लागतोय. ते म्हणाले, हो, तिने उत्तर दिलं नाही अजून, म्हणून. जो वोस परत देतो तो इकडचा झाला, जो देत नाही त्याला मी पुन्हा विचारतो. उद्याही विचारेन, परवाही विचारेन. मुलं चांगली आहेत तुमची, शेवटी देतातच. “तसं शिकवलंय त्यांना कोणीतरी,” ते म्हणाले.

हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही असं तेव्हा वाटलं.

फोन ठेवायचा विचार केला, नाही असं नाही. पण उद्या साडेपाच वाजणारच होते. कृतिकाला नोकरी सोड म्हटलं असतं तर ती हट्टाने दुप्पट बोलली असती, मी ओळखते ना माझ्या पोरीला. आणि ती सुटली असती तर त्या खुर्चीवर आणखी कोणाची तरी मुलगी बसली असती, फरीदाबादची नाहीतर गाझियाबादची. विचार करायला वेळही नव्हता. मी त्यांना विचारलं की कोणीतरी उत्तर दिलं तर पुरे होईल का, मग पुन्हा नाही ना विचारणार, कोणालाच. ते म्हणाले, थकलोय मी, सेन्योरा, पुरे होईल.

“मग मला विचारा,” मी म्हटलं.

त्यांनी नाव विचारलं. आमच्याकडे फोनवर खोटं स्पॅनिश नाव सांगायची पद्धत आहे, कृतिका तिथे एलेना होती. मी खरं सांगितलं. विजया. त्यांना ते नीट म्हणता येईना, दोनदा प्रयत्न केला. मग आवाज खाली आला.

“आणि वोस, विजया? वोस कशी आहेस?”

मी म्हटलं, “मी बरी. आणि वोस?”

सुस्कारा आला. बरं झालं, म्हणाले. फोन ठेवला. मी हेडफोन काढलं तर कृतिका तणतणत होती, सगळ्यांसमोर माझा अपमान केलास, बच्ची समजतेस का मला. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तिने झटकला. मला इतकं हलकं वाटत होतं की मी हसले, आणि त्यामुळे ती आणखी चिडली.

घरी आले. आमच्या ह्यांना काही सांगितलं नाही, त्यांनी काय केलं असतं, बीपीची गोळी घेतली असती. आज शुक्रवार. मी सुट्टी टाकली. सकाळी ट्रेनिंगच्या कागदावरचा तो नियम खोडला आणि अंशुमनला फोन करून सांगितलं की नवा कागद पाठवतेय. दुपारी भरली वांगी केली, कृतिकाला आवडतात म्हणून. ती उठली, बोलली नाही, पण दोनदा वाढून घेतलं. तेवढ्यावर आमची भांडणं मिटतात. मग म्हणाली, तू झोप जरा, चेहरा बघ कसा झालाय. मी म्हटलं, पावणेपाचला उठव, तुझ्याबरोबर खाली येते.

चारच्या सुमाराला मला आपोआप जाग आली. उगाच तिला कशाला त्रास, म्हणून कोथिंबीर आणायला खाली गेले. गेटवर विष्णू होता, आमचा वॉचमन, अल्मोड्याचा. आजवर एक दिवस असा गेला नाही की त्याने ‘नमस्ते आंटीजी, आप कैसे हो’ म्हटलं नाही. आज माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं. मला इतका संताप आला. दिवाळीला बक्षिसी घेताना बरा वाकतो. भाजीवाल्याकडे गेले तर तोही तसाच, चार बायकांना आप आप करतोय आणि मी उभी आहे तर उभीच. मी भाव विचारला दोनदा. नुसतं आप म्हणायला कुणाचं काय जातं? तशीच रिकाम्या हाताने जिना चढून वर आले. दम लागला नाही. तेव्हाही लक्षात आलं नाही माझ्या.

आत कृतिका आमच्या खोलीत उभी होती, ऑफिसला निघायच्या तयारीत, गळ्यात ओळखपत्र. पलंगाकडे वाकून बोलत होती.

“आई, ऊठ ना. पावणेपाच झाले. तूच म्हणालीस ना, उठव.”

मी दारातून म्हटलं, अगं, उठले की केव्हाची. तिने वळून बघितलं नाही. पलंगावर कोणीतरी माझी शाल पांघरून भिंतीकडे तोंड करून झोपलं होतं. कृतिकाने त्या खांद्याला हात लावला. मग जरा हलवलं. मग बाबा, अशी हाक मारली, आणि तिचा आवाज तिसरीत होती तेव्हासारखा झाला. आमचे हे चष्मा शोधत आले. “विजू,” म्हणाले, “विजू, तू... अगं, तू...”

डोन एलादिओंच्या घरात माणूस गेलं की त्याला हाक मारायचा शब्द बदलतो. विष्णूचा आप गेला, भाजीवाल्याचा गेला. आमच्या घरात मात्र काही बदललं नाही. आईला जन्मभर तू आणि आताही तूच. कृतिका गेला तासभर तेच म्हणतेय, तू बोल ना, तू डोळे उघड ना, आणि मी तिच्या खांद्याशी उभी राहून प्रत्येक वेळी ओ देतेय. रडू नको म्हणून सांगतेय. फार वाईट वाटतंय मला, तिला जवळ घेता येत नाही ह्याचं. पण साडेपाच वाजून गेलेत, आणि ऑफिसातून तिची मैत्रीण विचारायला फोन करत होती की तू आली नाहीस का, आज तुझा म्हातारा आलाच नाही.